शेअर व्यवहार शिकणारा एजंट: एका मुक्त संचाचा सहा महिन्यांचा अनुभव

रीइन्फोर्समेंट लर्निंगच्या, म्हणजे मिळणाऱ्या गुणांवरून चुकत-माकत शिकण्याच्या, पद्धतीने शेअर्सची खरेदी-विक्री शिकणारा एजंट (स्वतः निर्णय घेणारा प्रोग्रॅम) तयार करण्यासाठी असलेला एक मुक्त सॉफ्टवेअर संच मी गेले सहा महिने वापरत आहे. भावांची माहिती उतरवून घेण्यापासून बॅकटेस्टच्या, म्हणजे जुन्या भावांवर घेतलेल्या चाचणीच्या, आलेखापर्यंतची सगळी साखळी त्यात जोडूनच मिळते. त्यामुळे पायथॉन बऱ्यापैकी येणाऱ्याचा पहिला एजंट एका संध्याकाळीच चालू होतो, आणि त्याबद्दल संच बनवणाऱ्यांचे मनापासून कौतुक करायला हवे.

२०१७ मध्ये आलेल्या पीपीओपासून एसएसीपर्यंतचे, एजंटला शिकवणारे नावाजलेले अल्गोरिदम तयार आहेत आणि एकाऐवजी दुसरा वापरायचा तर एखादी ओळ बदलणे पुरते. मला अधिक आवडली ती रिवॉर्ड, म्हणजे प्रत्येक कृतीनंतर एजंटला मिळणारे गुण, स्वतः ठरवण्याची मोकळीक. मुळात दिलेला रिवॉर्ड म्हणजे गुंतवणुकीच्या एकूण मूल्यात एका दिवसात पडलेला फरक. तो तसाच ठेवला तेव्हा माझा एजंट जवळपास सगळा पैसा एक-दोन शेअर्समध्ये घालून बसत असे. नफ्याला जोखमीची जोड देणारा रिवॉर्ड वापरण्याची कल्पना जुनीच आहे. जॉन मूडी आणि मॅथ्यू सॅफेल या संशोधकांनी २००१ मध्येच शार्प गुणोत्तरावर (जोखमीच्या तुलनेत नफा मोजणाऱ्या आकड्यावर) आधारलेला असा रिवॉर्ड वापरून दाखवला होता. तो मी बसवला आणि एजंट पैसा विभागून ठेवू लागला.

संचातला खरा दोष मला तिसऱ्या महिन्यात सापडला. बॅकटेस्टमधला नफा इतका देखणा होता की शंका आली, म्हणून मी व्यवहार करणारे फंक्शन ओळीओळीने वाचले. एजंटला दिसणाऱ्या माहितीत त्या दिवसाचा बंद भाव होता आणि त्याची ऑर्डरही त्याच बंद भावाला पूर्ण होत होती. बाजार बंद झाल्यावर कळणारा भाव पाहून त्याच भावाला खरेदी करणे प्रत्यक्षात सहसा शक्य नसते. शिवाय दलाली आणि स्लिपेज, म्हणजे अपेक्षित आणि प्रत्यक्ष भावातला फरक, दोन्ही शून्य धरलेले होते. ऑर्डर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या भावाला पूर्ण व्हावी एवढा बदल करून प्रत्येक व्यवहारावर ०.१ टक्का खर्च लावला, तेव्हा नफ्याची रेषा नुसते शेअर्स घेऊन ठेवणाऱ्याच्या रेषेखाली गेली. रोज भरपूर उलाढाल करणाऱ्या एजंटला हा छोटा खर्चही पेलवत नाही. शिकाऊ माणूस या आकड्यांवर विसंबून स्वतःची बचत लावू शकतो, म्हणून मला हा दोष फार गंभीर वाटतो.

नमुन्यादाखल दिलेल्या शेअर्सच्या यादीतही अशीच अडचण आहे. ती निर्देशांकातल्या आजच्या कंपन्यांची असल्यामुळे मधल्या काळात बुडालेल्या किंवा वगळल्या गेलेल्या कंपन्या एजंटला कधी दिसतच नाहीत आणि नफा फुगलेला दिसतो.

तसेच संचातली उदाहरणे एकाच सीडवर, म्हणजे यादृच्छिक आकड्यांच्या एकाच सुरुवातीवर, चालवलेली आहेत. मी बाकी काहीही न बदलता पाच सीड घेतले, तर दोन एजंट फायद्यात, दोन तोट्यात आणि एक जवळजवळ काहीच न करणारा निघाला. डीप (न्यूरल नेटवर्क वापरणाऱ्या) रीइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये केवळ सीडमुळे निकाल इतके हलतात हे २०१८ मध्ये संशोधक पीटर हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट दाखवले होते. त्यामुळे एकाच आलेखावर समाधान मानणारे मार्गदर्शक पान मला अपुरे वाटते.

विषय शिकण्यासाठी आणि स्वतःचे प्रयोग करण्यासाठी हा संच मी निःसंकोच सुचवेन. खऱ्या पैशांसाठी मात्र तो आज तयार नाही: ऑर्डर अर्धवटच पूर्ण झाली, भावांची माहिती मध्येच येईनाशी झाली किंवा तोटा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर एजंटला थांबवायची कोणतीही सोय त्यात नाही. ऑर्डरच्या भावाबद्दलची दुरुस्ती मी संच सांभाळणाऱ्यांकडे पाठवली आहे आणि माझा एजंट सध्या फक्त कागदी, म्हणजे खऱ्या पैशांशिवायचे, व्यवहार करतो आहे.