दिवाणखान्याची शैली, छताच्या चार कड्या आणि एक सशुल्क सल्ला

कोथरूडमधील आमच्या सदनिकेचा दिवाणखाना १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे. इमारत १९८९ सालची असल्यामुळे जमिनीवर त्या काळची करड्या-हिरवट खड्यांची मोझॅक फरशी आहे, छत साडेनऊ फुटांवर आहे आणि बाल्कनी थेट पश्चिमेला उघडते. खोलीच्या मध्याच्या थोडे अलीकडे छताला चार लोखंडी कड्या आहेत व त्यांना नारायण पेठेतील आमचा वाडा पाडला गेला तेव्हा तेथून आणलेला सागवानी झोपाळा टांगलेला आहे. बाकी सामान बदलायचे, परंतु झोपाळा हलणार नाही, एवढी एकच अट घालून आम्ही बाणेर भागातील एका अंतर्गत सजावट स्टुडिओची ‘शैली निवड’ ही सल्लासेवा घेतली. तिचे शुल्क ६,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ७,६७० रुपये होते. त्यात तीन भेटी, एक शैलीफलक (रंग, सामान व फरशी यांचे नमुने एकत्र दाखवणारा तक्ता), दोन थ्रीडी चित्रे आणि खर्चाचे अंदाजपत्रक मिळणार होते. प्रत्यक्ष काम त्यांच्याकडूनच करून घेण्याचे बंधन नव्हते. स्टुडिओचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अशा स्वरूपाची सेवा शहरात अनेकजण देतात आणि वाचकाला नावापेक्षा तिच्यातून काय मिळते व काय मिळत नाही हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

आरंभ एका प्रश्नावलीने झाला. मोबाइलवर खोल्यांच्या चित्रांच्या वीस जोड्या येतात आणि प्रत्येक जोडीतील आवडेल त्या चित्रावर बोट ठेवायचे असते. माझा निकाल ‘स्कँडिनेव्हियन, बोहो छटेसह’ असा आला आणि यजमानांचा ‘इंडस्ट्रियल’. थोडा विचार केल्यावर मला असे लक्षात आले की, मी प्रत्येक वेळी ज्या खोलीत सर्वांत कमी वस्तू होत्या ती खोली निवडली होती, कारण रोज धूळ पुसणाऱ्या माणसाला रिकामी खोली नेहमीच सुंदर दिसते. यजमानांना तर फक्त एक लोंबता काळा दिवा आवडला होता. तेव्हा या प्रश्नावलीतून आमची आवड कळली असे म्हणणे धाडसाचे होईल. तरीही पुढचा शैलीफलक तिच्याच आधारे तयार करण्यात आला.

त्यावर पांढऱ्याशुभ्र भिंती, फिकट लाकूड, राखाडी सोफा आणि जमिनीवर लाकडासारखी दिसणारी नवी फरशी होती. ही शैली वाईट आहे असे मला म्हणायचे नाही, पण ती जेथून आली तेथे तिच्यामागे एक कारण आहे. उत्तर युरोपात हिवाळ्यातील दिवस अगदी लहान असतात आणि जो थोडा उजेड खिडकीतून आत येतो तो भिंतींनी शोषून न घेता खोलीत परत पाठवावा, म्हणून तेथे पांढरा रंग आणि फिकट लाकूड यांना इतके महत्त्व आले. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर पश्चिमेचे ऊन बाल्कनीतून सरळ समोरच्या भिंतीवर येते. उजेड वाढवणे हा आमचा प्रश्नच नाही, तो अडवावा कसा हा आहे. हे मी पहिल्याच भेटीत सांगितले होते आणि त्याची नोंदही घेतली गेली होती, परंतु फलक बनवणारी व्यक्ती निराळी असावी.

पहिल्या भेटीला आलेल्या तरुणीबद्दल मात्र मला भरभरून लिहावेसे वाटते, कारण ७,६७० रुपयांपैकी निम्मे तरी तिच्या त्या दीड तासात वसूल झाले. तिने आधी खोली मोजली, हे तर सगळेच करतात. त्यानंतर तिने माझ्या सासूबाईंना झोपाळ्यावर बसायला सांगितले आणि त्या रोज जितका झोका घेतात तितकाच घ्यायला लावला. त्या झुलत असताना ती खडू घेऊन फरशीवर बसली आणि फळी पुढे कोठवर येते व मागे कोठवर जाते तेथे तिने रेघा ओढल्या. फळीची रुंदी दोन फूट, पुढचा झोका दोन फूट आणि मागचा दीड फूट, म्हणजे अकरा फुटांतील साडेपाच फूट झोपाळ्याचेच निघाले. उरलेल्या साडेपाच फुटांत माणसाला अंग न चोरता जाता यावे अशी तीन फुटांची वाट सोडली, तर बैठकीला अडीच फूट खोल जागा मिळते. आम्ही दुकानात पाहून ठेवलेला तीन फुटांहून अधिक खोलीचा एल आकाराचा सोफा त्या दोन रेघांनी एका क्षणात बाद केला. गेली कित्येक वर्षे आम्ही या खोलीत राहतो, पण तिचा असा हिशेब कोणी मांडला नव्हता. त्या रेघा पुढे आठ दिवस आम्ही पुसू दिल्या नाहीत.

दुसऱ्या भेटीपूर्वी ही तरुणी नोकरी सोडून गेली आणि येथून सेवेचा गाडा घसरला. थ्रीडी चित्रे आली ती पाहून आम्ही तिघेही काही वेळ बोललो नाही. झोपाळा गायब होता आणि त्याच्या जागी अंड्याच्या आकाराची वेताची टोपली एका साखळीला लटकत होती. विचारल्यावर “झुलण्याची सोय ठेवली आहे ना, मॅडम,” असे उत्तर मिळाले. सासूबाईंनी चष्मा सारखा करून चित्र पाहिले आणि म्हणाल्या, “यात बसून मी डाळिंब्या सोलायच्या कशा, आणि समोरचं ताट ठेवायचं कुठं?” हा प्रश्न हसण्यावारी नेला गेला, पण मला विचाराल तर सजावटीच्या कोणत्याही आराखड्याला विचारण्यासारखा तो सर्वांत नेमका प्रश्न होता. आमच्या घरी झोपाळा हे बसण्याचे, निवडण्या-टिपण्याचे आणि दुपारी लवंडण्याचे ठिकाण आहे, शोभेचे नव्हे.

त्याच चित्रात जिप्समचे खोटे छतही होते. साडेनऊ फुटांतून आठ इंच गेले तरी खोली बसकी दिसू लागते, हा एक भाग झाला. त्याहून मोठी अडचण अशी की, झोपाळ्याच्या पितळी साखळ्या त्या छतातील भोकांमधून वर न्याव्या लागल्या असत्या आणि प्रत्येक झोक्याला भोकाची कड झिजली असती. छताच्या कड्या वर्षातून एकदा तरी डोळ्यांनी तपासाव्या लागतात, त्याही झाकल्या गेल्या असत्या. दिवे लपवण्यासाठी एवढी उठाठेव करण्याची गरज आम्हांला वाटली नाही.

मग आम्ही झोपाळ्यावर इतके अडून बसलो आहोत हे पाहून त्यांनी दुसरे टोक गाठले आणि ‘पेशवाई थीम’ पुढे केली. त्यात फायबरच्या महिरपी, भिंतीला चिकटवलेले सुरूच्या खांबांचे अर्धे तुकडे आणि छताला कडीपाटाचा आभास देणाऱ्या पट्ट्या होत्या. ज्यांना हे आवडते त्यांनी ते अवश्य करावे, परंतु करण्यापूर्वी एक सकाळ काढून विश्रामबागवाडा पाहून यावा. १८०७ सालच्या त्या वाड्याच्या दर्शनी भागातील कोरीव लाकूडकाम आणि सुरूचे खांब खरोखरीचा भार पेलतात, त्यांच्यामागे मोकळा चौक आहे आणि त्या उंचीतच त्यांचा डौल आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दारे, दिवे आणि अडकित्ते पाहतानाही हेच जाणवते की, त्या घरांतील नक्षी रोजच्या वापराच्या वस्तूंवर होती. साडेनऊ फुटी सदनिकेत चिकटवलेला अर्धा खांब मंगल कार्यालयाच्या व्यासपीठाची आठवण करून देतो. (आमच्या स्वतःच्या वाड्यात एकही महिरप नव्हती. फडताळ, दिवळ्या आणि शहाबादी फरशी होती. थीममध्ये यातले काहीच नव्हते.)

तिसऱ्या भेटीला आणखी एक नवा मुलगा आला. त्याने आधीचे कागद वाचलेले नव्हते, आणि कदाचित त्यामुळेच त्याने खोलीकडे नीट पाहिले. झोपाळ्याच्या फळीवरून हात फिरवत तो म्हणाला, “काकू, हा सागवानी आहे, सरळ रेषेतला आहे. बाकीचं सामान याच्याच मागून चालू द्या की.” त्याने सुचवलेली शैली म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याची साधी, निमुळत्या पायांची, साग आणि वेत यांची. १९५०च्या दशकात चंदीगड शहर उभे राहताना स्विस वास्तुरचनाकार पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली तेथील कचेऱ्यांसाठी याच दोन गोष्टींपासून खुर्च्या घडवल्या गेल्या आणि आज त्यांच्या नकला सर्वत्र विकल्या जातात. तो मुलगा ती नक्कलच विकत घ्यायला सांगत होता. माझ्या वडिलांच्या सरकारी कचेरीत वेताने विणलेल्या खुर्च्या होत्या, त्यामुळे मला त्या रूपाचे अप्रूप नव्हते, पण त्यातील तर्क मात्र पटला. वेताच्या पाठीतून वारा खेळतो, उन्हाळ्यात रेक्झिनसारखी ती अंगाला चिकटत नाही, पायांखालून केरसुणी फिरते, आणि विण सैल झाली तर खुर्ची टाकून न देता ती पुन्हा विणून घेता येते.

अर्थात योग्य उत्तर मिळाले ते सेवेच्या पद्धतीमुळे मिळाले की योगायोगाने, हा प्रश्न उरतोच, आणि माझे मत योगायोगाकडे झुकते.

रंगाच्या बाबतीत त्यांचा उपयोग झाला नाही. पोस्टकार्डाएवढ्या नमुन्यावरून भिंतीचा रंग ठरवता येत नाही, हे आमच्या रंगाऱ्याने सांगितले आणि त्याच्याच सल्ल्यावरून आम्ही लहान डबे आणून समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे पट्टे ओढले. पांढरा पट्टा चार वाजता डोळ्यांवर येऊ लागला. फिकट हिरवा सकाळी मोहक होता, पण संध्याकाळी ट्यूबलाइट लावल्यावर पावसाळ्यातील कुंपणाच्या भिंतीसारखा शेवाळलेला दिसला. सायीसारखा पिवळसर पांढरा तेवढा तिन्ही वेळांना टिकला. या खटाटोपात असेही कळले की, आमच्या घरातील दिवे ६,५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या प्रकाशाचे होते. ते काढून ३,००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर प्रकाशाचे, लावल्यावर सागाचा तपकिरी रंग प्रथमच तपकिरी दिसला. ज्या सेवेला शैली निवडून द्यायची आहे, तिने फलक बनवण्यापूर्वी घरातील दिवा तरी पाहायला हवा होता.

अंदाजपत्रकावर माझी खरी तक्रार आहे. त्यात टीव्हीखालच्या कपाटापुढे केवळ ‘ब्रँडेड प्लाय’ असे लिहिले होते. साधा ओलसरपणा सोसणारा प्लाय आयएस ३०३ या मानकाचा असतो आणि उकळत्या पाण्याच्या दीर्घ चाचणीला टिकणारा आयएस ७१० चा; दोहोंच्या किमतींत बराच फरक असतो व ‘ब्रँडेड’ या शब्दात दोन्ही बसतात. बाल्कनीलगतच्या, जुलैत पावसाची झड आत येणाऱ्या भिंतीसाठी एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेले फळे, सुचवले होते, जे कडेने पाणी पिऊन फुगते. मोझॅकवर नवी फरशी चढवण्याचा खर्च धरला होता, पण जमीन वर आल्यावर तिन्ही दारे खालून तासावी लागतील याचा उल्लेख नव्हता. शिवाय, काम त्यांनाच दिले तर शुल्क वळते करून मिळेल आणि तिसऱ्या थ्रीडी चित्राचे वेगळे पैसे पडतील, या दोन्ही गोष्टी शेवटच्या भेटीत तोंडी सांगण्यात आल्या. आधी लेखी दिल्या असत्या तर मला त्यांत गैर काही वाटले नसते.

आम्ही काम त्यांना दिले नाही. भवानी पेठेतील लाकूड बाजारातून साग घेतला, ओळखीच्या सुताराकडून अडीच फूट खोलीची तीन आसनी बैठक आणि दोन खुर्च्या करवून घेतल्या, आणि मोझॅक फरशीला यंत्राने पॉलिश केले. पहिल्या फिरकीला राडा झाला, तिसऱ्या फिरकीनंतर मात्र करड्या खड्यांमधून हिरवे आणि तांबूस खडे असे वर आले की, ही फरशी आपण झाकायला निघालो होतो याची लाजच वाटली. टीव्हीचे कपाट आयएस ७१० प्लायचे केले, आणि तो छाप प्लायच्या प्रत्येक फळ्यावर मी स्वतः पाहून घेतला.

ज्यांची खोली पूर्ण रिकामी आहे आणि ज्यांना चार शैली डोळ्यांसमोर मांडलेल्या हव्या आहेत, त्यांनी अशी सेवा घेण्यास हरकत नाही; मी पाचपैकी अडीच गुण देईन आणि त्यातले दोन खडूच्या रेघांचे आहेत. जुने सामान ठेवायचे असेल तर त्याचे छायाचित्र आणि मापे पहिल्याच दिवशी लेखी द्यावीत, आणि तिन्ही भेटींना एकच व्यक्ती येईल असे कबूल करून घ्यावे. पडद्यांचा निर्णय आमचाही अजून झालेला नाही. लक्ष्मी रस्त्यावरून आणलेले जाड खादीचे दोन तुकडे बाल्कनीच्या दाराला टाचण्यांनी लावून ठेवले आहेत आणि रोज चार वाजता सासूबाई झोपाळ्यावरून त्यांच्यातून येणारे ऊन निरखत असतात.