शाळा पुन्हा बंद पडली तर: मीट, व्हॉट्सॲप, टीव्ही, भोंगा की साधा फोन?

पुराचं पाणी वर्गात शिरतं, शाळेच्या खोल्यांत पूरग्रस्तांची सोय करावी लागते, कधी साथ येते. कारण काहीही असो, पंधरा-वीस दिवस वर्ग भरणार नाहीत म्हटलं की शिकवायचं कसं, हा प्रश्न येतो आणि उत्तर तयारच असतं: ग्रुप आहे ना, त्यावर टाकू. तसं ठरवून मोकळं होण्याआधी २०२०-२१ मध्ये शिक्षकांनी काय काय करून पाहिलं, ते एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावं. माझ्या डोळ्यासमोर पहिली ते पाचवीची, दोन शिक्षकांची, चाळीसेक पटाची शाळा आहे. दहावी-बारावीचं गणित वेगळं.

प्रत्येक मार्गाला मी एकच प्रश्न विचारतो: मुलाचं उत्तर गुरुजींपर्यंत परत येतं का? धडा पोचवायला वाटा भरपूर होत्या. परतीच्या वाटेवरच बहुतेक सगळे अडले.

मीट किंवा झूमवरचा तास दिसायला वर्गाच्या सर्वांत जवळचा. मूल दिसतं, चुकलं तर तिथल्या तिथे सांगता येतं. पण घरात फोन एक आणि शिकणारी भावंडं दोन असली की तिसरीतल्या धाकटीचा तास बुडतो, सातवीतल्या दादाचा होतो. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच सत्रं ठेवायला सांगितली होती. लहान मुलांच्या बाबतीत मला तीही जास्तच वाटतात. शहरात, आठवीच्या पुढे, रेंज धड असेल तर जरूर घ्या. पहिली-दुसरीला नको.

व्हॉट्सॲपबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळे तिथेच जातात. ‘असर’ या ‘प्रथम’ संस्थेच्या शिक्षणविषयक पाहणीने सप्टेंबर २०२० मध्ये फोनवरून ग्रामीण भारताचा अंदाज घेतला. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता; २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ होतं. तरीही पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास मिळाला होता तो जेमतेम एक तृतीयांश मुलांना. ज्यांना मिळाला, त्यांच्यापर्यंत तो मुख्यतः व्हॉट्सॲपवरूनच गेला होता.

म्हणजे फोन घरात होता, पण मुलाच्या हातात नव्हता. तो सकाळी बापाबरोबर कामावर जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. मग रात्री नऊला वहीचे फोटो यायचे: एक आडवा, एक अंधुक, एकात अर्ध्या पानावर अंगठा. तिघांच्या नावाने आलेल्या तीन फोटोंत हातचा विसरलेलं तेच एक गणित दिसलं की काय झालंय ते कळायचं. खाली वीस जणांचे नमस्काराचे हात. फोटो आला म्हणून उपस्थिती लागायची. मुलाला वजाबाकी आली का, हे कोड्यातच राहायचं. राज्यात नोव्हेंबर २०२० पासून व्हॉट्सॲपवर ‘स्वाध्याय’ची साप्ताहिक प्रश्नमंजूषा सुरू झाली, त्यात उत्तर लगेच तपासून मिळे. मात्र पर्यायावर बोट ठेवणारी ताईच नसेल कशावरून? व्हॉट्सॲप निरोपाला उत्तम, शिकवायला कच्चं.

टीव्हीला डेटा लागत नाही. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ लागायची. घरातल्या वस्तू घेऊन करायचे उपक्रम, नीट बेतलेले भाग. आपण घाईघाईत मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओपेक्षा ते कितीतरी सरस होते, हे मान्य करायला हरकत नाही. मर्यादा उघड आहे: पडद्याला समोरचं मूल दिसत नाही, आणि लाईट गेली की भाग गेला. शिवाय असा कार्यक्रम राज्याने सुरू करावा लागतो. तो तुमच्या-माझ्या हातात नाही.

भोंग्याचं कौतुक खूप झालं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली: स्वयंसेवक स्पीकर घेऊन जायचे, मुलं अंतर ठेवून बसायची. जिथे रेंजच नाही तिथे हा मार्ग खरंच पोचला. सोलापुरात नीलमनगरला शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. फोन नाही, वीज नाही, वेळेचं बंधन नाही. दोन्हींत कविता, पाढे, उजळणी छान होते. नवा भागाकार मात्र भिंतीला परत विचारता येत नाही. वस्ती दाट असेल तर भिंती, पाडे विखुरलेले असतील तर स्पीकर.

आणि साधा फोन, बटणांचा असला तरी चालेल. बोट्स्वानामध्ये २०२० मध्ये सुमारे ४,५०० कुटुंबांवर रीतसर प्रयोग झाला. काहींना दर आठवड्याला गणिताचा एसएमएस गेला. काहींना एसएमएस आणि वर शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसत्या एसएमएसने फरक पडला नाही, फोनने पडला. पुढे भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्समध्येही फोनवरच्या शिकवणीचा उपयोग दिसला. फोनवर मूल मोठ्याने गणित सोडवतं, कुठे अडलं ते लगेच ऐकू येतं आणि पुढचं उदाहरण त्या बेताने देता येतं.

खर्च आहे तो शिक्षकाच्या वेळेचा. वीस मुलं, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे आठवड्याला सहा-सात तास. एरवी जड नाही. पण करोनात आपले निम्मे शिक्षक चेकनाक्यावर, रेशन दुकानावर नाहीतर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणात होते. तशा ड्युट्या लागल्या तर फोनचा बेत सगळ्यात आधी कोसळतो, हे केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, कानावर आधीच घालून ठेवावं.

ओसरीवर पाच-सहा मुलं घेऊन बसणं यातल्या कशाहूनही चांगलं. पूर असेल आणि वस्तीत जाता येत असेल तर दुसरं काही शोधूच नका. साथीत ते उशिरा शक्य होतं, एवढीच अडचण.

माझा कौल असा: पहिली-दुसरीला ओसरी, जमेपर्यंत पालकांना बरोबर घेऊन फोन. तिसरी ते पाचवीला आठवड्यातून एक ठरलेला फोन, व्हॉट्सॲप फक्त उदाहरणं पाठवायला. टीव्हीवर काही लागत असेल तर फोनवर त्यातलाच एक प्रश्न विचारायचा, म्हणजे मुलं बघतात. आणि हे सगळं करूनही उघडल्या दिवशी मागचं भरून काढावं लागेल, हे धरूनच चाला. ‘असर’च्या आकड्यांत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं देशाच्या ग्रामीण भागात २०१८ ला २७.३ टक्के होती, २०२२ ला २०.५.

फोनवर भिस्त ठेवायची तर तयारी जूनमध्येच हवी. पटनोंदणीच्या वेळी चार गोष्टी विचारून घ्या: फोन कुणाचा, टच की बटणांचा, तो घरी किती ते किती असतो, आणि शेजारी वाचून दाखवू शकेल असं मोठं मूल कोण. जनरल रजिस्टरात याला रकाना नाही. साधी दोनशे पानी वही पुरते. नंबर मात्र दिवाळीनंतर परत तपासा, रिचार्जच्या ऑफरपायी तोवर निम्मे बदललेले असतात.