रनिंग ग्रुपची वर्गणी भरण्याआधी पाण्याचा जार कधी उचलतात ते विचारा

ग्रुपचं नाव देत नाही, कारण हा प्रश्न एकाच ग्रुपचा नाही. वर्गणी वर्षाला ३,६०० रुपये. त्यात काय काय मिळतं ते साताऱ्यात पळणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे: टी-शर्ट, आठवड्याचं वेळापत्रक, शाहू स्टेडियमवर व्यायाम, रविवारच्या लाँग रनला पाणी आणि केळी. व्यायाम घेणारे सर जीव ओतून शिकवतात, माझे गुडघे आता जिना चढताना कुरकुरत नाहीत. टी-शर्ट पुरुषांच्या मापाचाच येतो, खांदे कोपरापर्यंत उतरतात. हे सगळं चालवून घेतलं असतं. पाण्याचं मात्र चालवून घेणार नाही.

सप्टेंबरातला रविवार, यवतेश्वर घाटातला लाँग रन. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून जाते, त्यामुळे त्या दिवसांत सगळे ग्रुप सरावाला तिथेच असतात. कासचा फुलांचा हंगामही तेव्हाच, म्हणजे उजाडलं की पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. मी उतरून वळणावर आले. जिथे ग्रुपचं पाण्याचं टेबल होतं तिथे डांबर ओलं होतं आणि पाण्याचा ओघळ गटाराकडे गेला होता. जार अर्धा भरलेला असणार. गाडीत चढवताना जड होतो म्हणून रस्त्यावर ओतून दिला होता. फोन पाहिला तर ग्रुपवर फोटो येऊन पडलेला, सगळे अंगठे वर करून उभे, खाली लिहिलेलं, ‘आजचा रन पूर्ण!’ माझ्या मागे अजून दोघीजणी घाटात होत्या.

एका जारला तीस-चाळीस रुपये पडतात. पैशाचा मुद्दा नाही असं मी म्हणणार नाही, पैशाचाही आहे. सर्वांत पुढे पळणाऱ्याने भरले तेवढेच पैसे मीही भरलेत. किलोमीटरला पाच मिनिटं घेणारा बारा किलोमीटर तासाभरात संपवतो. मला नऊ मिनिटं लागतात, म्हणजे पावणेदोन तासांच्या वर. तो परततो तेव्हा गारवा असतो, मी परतते तेव्हा ऊन अंगावर आलेलं असतं. पाण्याची जास्त गरज कुणाला आहे, हे सांगायला कोच लागत नाही.

त्याच दिवशी दुपारी संयोजकांना फोन केला. ते म्हणाले, “काकू, तुम्ही अर्धा तास आधी निघत जा ना.” अर्धा तास आधी म्हणजे साडेचारला. त्या वेळी घाटात काळोख असतो आणि बाईमाणसाने एकटीने पळावं असा तो रस्ता नाही. शिवाय माझ्या मागच्या दोघींपैकी एकीकडे पहाटे नळाला पाणी येतं, ते भरल्याशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नाही. हे मी सांगितलं. त्यावर त्यांनी स्पीड वाढवण्याचा सल्ला दिला. मी आवाज चढवला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

आमच्या बॅनरवर लिहिलंय, ‘धावणे सर्वांसाठी’. ते पूर्ण खोटं आहे असं नाही. ग्रुपमध्ये एक अंध मुलगा पळतो. त्याचा सोबती बुटाच्या जुन्या नाडीचा फास करतो, एक टोक मुलाच्या बोटांत, एक स्वतःच्या. पॅरालिम्पिकमध्येही अंध धावपटू असेच दोरीने सोबत्याशी जोडलेले असतात. “डावीकडे खड्डा, आता उतार, स्पीडब्रेकर, उचल पाय,” हे पूर्ण रस्ताभर चालू असतं आणि सोबती स्वतःचा वेग त्याच्यासाठी सोडून देतो. मी हे जवळून बघितलंय. ज्या ग्रुपला हे जमतं, त्याला मागे राहिलेल्या तीन बायकांसाठी वीस मिनिटं जार ठेवणं का जमू नये, हा माझा प्रश्न होता आणि आहे.

दुसरी गोष्ट त्याच बॅनरची. आमच्या कॉलनीत पोळ्या करायला येणाऱ्या ताई माण तालुक्यातल्या. मोहीच्या ललिता बाबर त्याच तालुक्यातल्या. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये त्या ३,००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत गेल्या आणि दहाव्या आल्या. ग्रुपच्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांचं नाव निघतं. या ताईंना पळायचं होतं. मी त्यांना स्टेडियमवर नेलं. पहिला प्रश्न आला, बूट कुठले? दुसरा, वर्गणी एकरकमी भरणार का? पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत.

दिवाळीनंतरची भर: वरचं सगळं मी ऑक्टोबरात लिहून ठेवलं होतं. त्यानंतर बैठक झाली आणि मी लेखी मागणी दिली. त्यात पार्करनचं उदाहरण दिलं. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात तेरा धावपटूंवर सुरू झालेला तो उपक्रम आज कितीतरी देशांत दर आठवड्याला होतो, पाच किलोमीटर, फुकट. तिथे एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, म्हणजे शेवटचा नंबर कुणा धावणाऱ्याचा लागतच नाही.

मला वाटलं होतं, कागद फाइलला लागेल. तसं झालं नाही. आता दर रविवारी पाळीने एकजण शेवटी असतो आणि तो खाली आल्याशिवाय जार हलत नाही. पहिल्या पाळीला आमच्यातला सगळ्यांत वेगवान मुलगा आला. माझ्यासोबत तो संपूर्ण घाट उतरला. मागून गाडीचा हॉर्न आला की स्वतः रस्त्याच्या बाजूला व्हायचा आणि मला आतल्या अंगाला घ्यायचा. संयोजकांबद्दलचं माझं मत तेवढं बदललंय, त्यांनी शब्द पाळला.

वर्गणी हप्त्याने घ्यायचं अजून ‘बघू’वर आहे. बायकांच्या मापाचे टी-शर्ट पुढच्या ऑर्डरला येणार म्हणतात. पोळ्यावाल्या ताईंना मी पुन्हा विचारलंय, त्या म्हणाल्या, “एकरकमी नको म्हणाले तर येते की.”

मी नूतनीकरण सहा महिन्यांचंच केलंय, १,८०० रुपये. नव्याने येणाऱ्यांनीही तेवढंच भरा, आणि पैसे देण्याआधी एका रविवारी शेवटच्या माणसासोबत पळून बघा. एप्रिल-मेच्या उन्हात जार कितीपर्यंत थांबतो, ते इथेच लिहीन.