थर्मोकोल कपांचा कॅलरीमापी संच: कप झकास, तक्ता तपासून घ्या

एकात एक बसणारे दोन थर्मोकोलचे कप, झाकण, ढवळणी, तापमापी आणि ऊर्जाबदल लिहिण्याच्या पद्धतींचा तक्ता, एवढं या अभिक्रियेतली उष्णता मोजण्याच्या संचात मिळतं. कपांबद्दल तक्रार नाही. थर्मोकोल स्वतः नगण्य उष्णता घेतं, त्यामुळे हिशेबात नुसतं द्रावण धरलं तरी भागतं. फक्त हलके असल्याने कलंडतात. चंचुपात्रात उभे करा.

घोडं अडतं तापमापीपाशी. खुणा 1 अंशाच्या. 1 मोलर (लिटरमागे 1 मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल आणि 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड प्रत्येकी 50 मिली मिसळलं की तापमान वाढतं जेमतेम 6.8 अंश. दोन्ही वाचनांत उलट दिशांनी अर्धा-अर्धा अंश चुकला, की उत्तर 15 टक्क्यांनी हुकलंच. 0.1 अंशाचा डिजिटल तापमापी वेगळा घ्यावाच लागेल.

पुस्तिका म्हणते, कमाल तापमान नोंदवा. तेवढ्याने उत्तर कमी येतं, कारण पारा वर चढेपर्यंत झाकणाच्या सैल भोकातून उष्णता निसटत असते. दर 30 सेकंदांनी वाचन घ्या, तिसऱ्या मिनिटाला मिसळा, पुढची पाच-सात मिनिटं नोंदी चालू ठेवा आणि आलेखाची उतरती रेघ मागे तिसऱ्या मिनिटापर्यंत वाढवा. तिथलं तापमान धरायचं. मग द्रावणाचं वस्तुमान (ग्रॅम) × विशिष्ट उष्मा × तापमानवाढ, म्हणजे 100 × 4.18 × 6.8, सुमारे 2842 जूल. तयार झालेल्या पाण्याच्या 0.05 मोलने भागलं की मोलमागे 57 किलोजूलच्या आसपास. द्रावणाने कमावलं ते अभिक्रियेने गमावलं, म्हणून अभिक्रियेच्या ऊर्जाबदलाचं (ΔH) चिन्ह ऋण. पोरं हमखास इथेच घसरतात, आणि पुस्तिकेत यावर अक्षर नाही.

तक्त्यात तिन्ही पद्धती आहेत: उष्णता समीकरणातच उत्पादितांच्या बाजूला लिहिणं, समीकरणाशेजारी ΔH देणं आणि ऊर्जा-पातळ्यांची आकृती. आकृती सुबक आहे, सक्रियण ऊर्जेचा (अभिक्रिया सुरू व्हायला लागणाऱ्या ऊर्जेचा) उंचवटाही दाखवलाय. पण मिथेनच्या ज्वलनाला −890 किलोजूल लिहून पाण्याची अवस्थाच गाळली आहे. हा आकडा द्रवरूप पाण्याचा. वाफ धरली तर −802. त्याहून मोठी चूक हायड्रोजनची: समीकरण 2H₂ + O₂ चं आणि आकडा −286, म्हणजे एका मोल पाण्याचा. तिथे −572 हवं. तक्ता भिंतीवर लावण्याआधी या दोन ओळी पेनाने दुरुस्त करा.