जुन्या पुस्तकातून आधी काय भाजावे : कुकीज की बार?

इंग्रजी पाककृतींचे जुने पुस्तक हाती लागले आणि घरात नुकताच ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आला असेल, तर पहिला प्रयोग कुकीजचा करावा की बारचा (म्हणजे साच्यात सलग भाजून वड्यांसारखे कापायच्या प्रकाराचा), हा प्रश्न चवीपेक्षा आचेचा अधिक आहे. दिवाळीआधी मैदा, पिठीसाखर आणि तूप नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणण्याची सांगलीतील ज्या घरांची रीत आहे, तेथे आचेचा अंदाज भट्टीवाल्याचा असतो. जुने पुस्तक मात्र ‘मध्यम ओव्हन’ एवढेच सांगून मोकळे होते. हे मध्यम म्हणजे ३५० अंश फॅरनहाइट, अर्थात सुमारे १७५ अंश सेल्सिअस. मंद म्हणजे १५० च्या आसपास आणि कडक म्हणजे २०० च्या पुढे.

या मोघमपणाचा फटका कुकीजना अधिक बसतो. त्या दहा-बारा मिनिटांत भाजून होतात, त्यामुळे दोन मिनिटे उशीर झाला तरी तळ करपतो. बारचे मिश्रण मात्र साच्यात अर्धा तास भाजले जात असल्याने तेवढी चूक पचवते. शिवाय मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की बटर मिश्रण फेटतानाच पातळ होते आणि थंड न करता ओव्हनमध्ये घातलेल्या कुकीज पसरून एकमेकींना चिकटतात. बारला साच्याच्या भिंतींचा आधार असतो.

पुस्तकात ‘चार डझन’ लिहिले असेल, तर घरगुती ओटीजीत त्याचे चार घाणे होतात आणि तासभर तरी ओव्हनपाशी उभे राहावे लागते (मधेच वीज गेली तर विचारूच नये). बारचा एकच घाणा पुरतो, मात्र पुस्तकातला १३ × ९ इंचांचा साचा लहान ओटीजीत मावत नाही. तेव्हा साहित्य निम्मे करून ८ इंचांचा चौकोनी साचा घ्यावा.

जिन्नसांच्या बाबतीत आपला भाग उणा नाही. तासगावचे बेदाणे आहेतच आणि मोलॅसिसच्या (साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट, काळ्या पाकाच्या) जागी काकवी चालते, जरी तिची चव सौम्य असते. कुकीच्या पृष्ठभागावर आलेले बेदाणे जळून कडवट होतात, तर खजुराबरोबर शिजवून बारच्या दोन थरांमध्ये घातलेले बेदाणे मऊ राहतात. बटरऐवजी तूप वापरायचे असेल, तर बटरमध्ये सुमारे ८० टक्केच स्निग्धांश असल्याने १०० ग्रॅम बटरला ८० ग्रॅम तूप पुरे. अशा कुकीज नानकटाईसारख्या खुसखुशीत होतात. बार मात्र कोरडे पडतात, म्हणून त्यांना बटरच बरे.

टिकण्याच्या बाबतीत कुकीज सरळ सरस आहेत. पुण्यात शिकणाऱ्या मुलाला एसटीने डबा पाठवायचा असेल, तर कुकीजच कराव्यात. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या दोन आठवडे सहज राहतात आणि पावसाळी हवेने सादळल्या तरी मंद ओव्हनमध्ये पाच मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतात. खजुराचे बार तीन-चार दिवसांत संपवलेले बरे.

म्हणून घरच्या घरी खायचे असेल आणि हात नवा असेल, तर मी बार सुचवेन. तरीही कुकीजच करायच्या असतील, तर सगळा ट्रे भरण्याआधी एकच कुकी भाजून पाहावी आणि तिच्या तळाचा रंग बघून पुढच्या घाण्याची आच ठरवावी.