जुनी मोटार : थेट मालकाकडून घ्यावी की डीलरकडून?

सहा-सात वर्षे वापरलेली एखादी हॅचबॅक थेट मालकाकडून घेतली, तर ती डीलरकडच्या तशाच गाडीपेक्षा बहुधा स्वस्त पडते, कारण डीलरच्या किमतीत त्याचा नफा, गाडीवर केलेला खर्च आणि तो जीएसटीत नोंदलेला असल्यास नफ्यावरचा १८ टक्के कर धरलेला असतो. मला मात्र किमतीतल्या फरकापेक्षा तपासणीतला फरक मोठा वाटतो. मालकाच्या दारातली गाडी जशी वापरली तशीच बहुधा समोर येते. खरचटलेला बंपर, खणातल्या सर्व्हिसच्या पावत्या आणि ‘का विकताय?’ या प्रश्नावर मालक किती अडखळतो, यावरूनही पुष्कळ कळते. डीलरकडची गाडी धुऊन, पॉलिश करून उभी असते. एका डीलरने ‘आज अजून सुरूही केलेली नाही’ असे सांगितलेल्या गाडीच्या बॉनेटवर मी हात ठेवला, तर ते चांगलेच तापलेले होते. थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर येतो का, म्हणजेच ते ऑइल जाळते का, हेच पाहायला मी सकाळी लवकर गेलो होतो.

बाकी तपासणी दोन्हीकडे सारखीच आहे. टायरच्या कडेवर २३१९ असे आकडे असतील, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला असतो. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि पेडलचे रबर मात्र गुळगुळीत असेल, तर सर्व्हिस सेंटरमधील नोंदी पाहिल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण पुरात बुडालेली गाडी आतून कितीही धुतली तरी पट्ट्याच्या एरवी गुंडाळलेल्या भागावर गाळाचा डाग राहून जातो.

कागदपत्रांत डीलरचे पारडे जड ठरू शकते. मालकाकडून घेताना आरटीओतील हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३०, कर्ज फिटले असल्यास बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि थकीत ई-चलन हे सगळे आपणच पाहावे लागते; गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा रस्ता कर यांची भर पडते. डीलरसाठी एप्रिल २०२३ पासून आरटीओच्या अधिकारपत्राची व्यवस्था आहे आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचे फॉर्म २९सी मध्ये आरटीओला कळवले गेले, की तिच्या कागदपत्रांची जबाबदारी त्याच्यावर येते. या फॉर्मची पोच त्याला दाखवता आली नाही, तर मी त्याला निव्वळ दलाल समजेन.

ओळखीचा मिस्त्री आणि हाताशी रक्कम असेल, तर मी मालकाकडेच जाईन. कर्ज काढायचे असेल किंवा आरटीओच्या खेपा जमणार नसतील, तर डीलर सोयीचा. पण गाडी आपल्या मिस्त्रीकडे नेऊ द्यायला त्याने नकार दिला, तर तिथे किमतीची बोलणी सुरूच करू नयेत. मालकाशी व्यवहार करताना शेवटचे दहा-पंधरा हजार आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, आपल्या नावावर होईपर्यंत राखून ठेवावेत आणि तसे विक्रीच्या कागदावर दोघांच्या सहीनिशी लिहून घ्यावे.