पेटी घ्या, तिच्यासोबत आलेले पट्टे मात्र बाजूला ठेवा

चांदणी, वाघ्या आणि मोत्या ही आमची तीन हाऊंड, म्हणजे वासावरून माग काढणारी कुत्री. चांदणी ब्लूटिक जातीची, अंगभर निळसर-काळे ठिपके, वजन 27 किलो. वाघ्या प्लॉट जातीचा, अंगावर पट्टे, 31 किलो. मोत्या ट्रीइंग वॉकर जातीचा, अजून दीड वर्षाचाच. आमचं काम मागाचं. पहाटे कच्च्या वाटेवरून पिकअप अगदी हळू न्यायची. मागच्या हौद्यात कुत्र्यांची पेटी असते. तिच्या छतावर उभी असलेली कुत्री वाऱ्यावरचा वास धरते आणि लांब हेल काढून ओरडते. तिथे गाडी थांबवायची, बाकीच्यांना सोडायचं आणि माग सुरू. दादा गाडी चालवतो, कुत्री माझ्याकडे.

हौद्यात बसवायची अॅल्युमिनियमची तीन कप्प्यांची पेटी आम्ही आठ महिन्यांपूर्वी घेतली. रुंदी 120 सेंटिमीटर, लांबी 100, उंची 65. वर कुत्र्यांना उभं राहायला सपाट छत, भोवती 15 सेंटिमीटरचा कठडा, पुढच्या आडव्या दांडीवर तीन कड्या आणि प्रत्येक कडीला 60 सेंटिमीटरचा एक पट्टा. कंपनी सांगते, वर तीन कुत्री उभी करा. तसं करू नका. हा मजकूर मुख्यतः तेवढं सांगायलाच लिहिते आहे, कारण पेटी खरोखर चांगली आहे आणि लोक ती घेतील.

आधी हिशेब पाहा. बाजूची कडी काठापासून 30 सेंटिमीटरवर आहे आणि पट्टा 60 चा. म्हणजे कुत्रं काठावरून खाली गेलं तर आणखी 30 सेंटिमीटर खाली लोंबकळणार, पाय जमिनीपासून कितीतरी वर. 15 सेंटिमीटरचा कठडा हाऊंडच्या गुडघ्याच्याही खाली येतो. तो नखं घसरू देणार नाही, पण उडी अडवणार नाही. आणि वास आला की हाऊंड उडी मारतंच. ते बेशिस्त नसतं, त्याचं रक्तच तसं असतं.

हे मी कागदावरून सांगत नाही. या पेटीच्या आधी आमच्याकडे साधा लाकडी खोका होता. वर मध्यभागी एक दोरी आणि ती वाघ्याच्या गळपट्ट्याला. एका पहाटे वास उजवीकडून आला, वाघ्या उजवीकडे झेपावला आणि खाली गेला. दादाला इंजिनच्या आवाजात काही कळलं नाही. मी टपावर हात आपटला, गाडी थांबली, मी धावत मागे गेले. वाघ्या गळ्याने लटकला होता. ओरडत नव्हता, आणि त्या शांततेनेच माझ्या पोटात गोळा आला. एका हाताने त्याचं 31 किलो वजन उचलून धरलं आणि दुसऱ्या हाताने खटका उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. ताण असला की बोल्ट स्नॅपचा, म्हणजे त्या साध्या खटक्याचा, अंगठ्याने सरकवायचा दांडा कडीवर घट्ट दाबला जातो. शेवटी दादाने चाकूने दोरी कापली. वाघ्या वाचला. पाच-सहा दिवस त्याचा आवाज घोगरा होता.

त्यानंतर मी दोन गोष्टी कायमच्या ठरवल्या. चालत्या गाडीवर गळपट्ट्याला कधीच बांधायचं नाही. आणि चाक फिरायच्या आधी प्रत्येक पट्ट्याची काठावर परीक्षा घ्यायची.

परीक्षा सोपी आहे. गाडी उभी, इंजिन बंद. कुत्री वर चढवून बांधायची. मग खाली उभं राहून तिला सगळ्यात आवडणारं काहीतरी काठाबाहेर हातभर लांब धरायचं, चारही बाजूंनी, थोडं खालच्या अंगालासुद्धा. नाक काठाबाहेर आलं तर चालेल. पुढचा एक जरी पंजा काठाबाहेर गेला तर पट्टा लांब आहे. नव्या पेटीवर कंपनीच्या पट्ट्यांनी चांदणीला बांधून हे केलं तेव्हा तिचे दोन्ही पंजे आणि अर्धी छाती बाहेर आली. पट्टे तिथेच काढले.

आता आमची रचना अशी आहे. वर एका वेळी एकच कुत्री, चांदणी किंवा वाघ्या. बाकीची दोघं खाली कप्प्यात. दोन्ही बाजूंच्या काठांवर नवीन कड्या बसवल्या, पत्र्याच्या आतून जाड पट्टी आणि मोठं वायसर लावून, नाहीतर झटक्यात कडीसकट पत्रा फाटतो. दोन्हीकडून 80 सेंटिमीटरचा एकेक पट्टा येतो आणि हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाच्या, पाठीवरच्या कडीला लागतो. 80 हा आकडा चांदणीवर मोजून काढलेला आहे. उभं राहणं, बसणं, अंग मुडपून आडवं होणं, वळून मागे बघणं हे सगळं तिला जमतं. आडवी झाली तरी पाठीवरची कडी पलीकडच्या काठापासून 44 सेंटिमीटर आतच राहते. तुमचं कुत्रं उंच असेल तर हा आकडा बदलेल, म्हणून आकडा घेऊ नका, परीक्षा घ्या. पुढे टपाची भिंत आहे. मागच्या बाजूला मात्र एवढ्याने भागत नाही, म्हणून तिथला कठडा वेल्डिंगवाल्याकडून 45 सेंटिमीटरपर्यंत वाढवून घेतला.

दोन्हीकडून बांधायची ही पद्धत काही मी शोधलेली नाही. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यातलं कलम 23117 उघड्या गाडीत जनावर नेण्याबद्दल आहे. त्यात कठडे असतील तर किमान 46 इंच उंच हवेत, नाहीतर जनावर पेटीत-पिंजऱ्यात हवं किंवा फेकलं जाणार नाही, पडणार नाही, उडी मारू शकणार नाही असं दोन्हीकडून बांधलेलं हवं. 46 इंच म्हणजे जवळजवळ 117 सेंटिमीटर. कंपनीने पेटीला दिलेला कठडा 15 चा. एवढं अंतर पाहिल्यावर मला वेगळं काही समजावून सांगायची गरज वाटत नाही.

हार्नेसबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक चुकतात. साधं दोन पट्ट्यांचं हार्नेस हाऊंडला मागे सरकून काढता येतं. त्यांची छाती खोल आणि कंबर बारीक असते. बरगड्यांच्या मागे, कंबरेपाशी तिसरा पट्टा असलेलं घ्या. पाठीवर धरायला मूठ हवीच. सुरुवातीला काखेत केस झिजतात, तेव्हा आधी घरी दोन आठवडे रोज थोडा वेळ घालून सवय लावा. माग सुरू करताना आम्ही हार्नेस काढतो, झुडपात अडकायला नको म्हणून. माग दाखवणारा जीपीएसचा गळपट्टा मात्र आधीच घातलेला असतो. त्या गळपट्ट्याला कधीही बांधू नका. तो बांधण्यासाठी बनवलेला नसतो, आणि त्याची अँटेना कठड्यात अडकते हे मी पाहिलं आहे.

पट्टे आम्ही प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या वायरदोरीचे केले आहेत. मोत्या नायलॉन दहा मिनिटांत कुरतडतो. साखळीचा खळखळाट दिवसभर चालतो आणि तिच्या दुव्यात नखं अडकतात. वायरदोरीचा एकच त्रास: आवरण फाटलं की आतली तार टोचते, म्हणून दर आठवड्याला हात फिरवून बघावं लागतं. दोन्ही टोकांना फिरकी कडी हवी, नाहीतर कुत्री दोनदा गोल फिरली की पट्टा पिळ खाऊन आखूड होतो.

खटके दोन वेगळे ठेवले आहेत आणि त्यामागे कारण आहे. एका पट्ट्याला स्क्रूने बंद होणारा कॅराबिनर, म्हणजे धातूची उघडमीट कडी, तो चुकून उघडत नाही. दुसऱ्याला पॅनिक स्नॅप, जो ताणाखालीही सुटतो. सोडताना डाव्या हाताने हार्नेसची मूठ धरायची, आधी कॅराबिनर उघडायचा, पॅनिक स्नॅप सगळ्यात शेवटी. चांदणी ओरडायला लागली की तिचं सगळं अंग पुढे ओढत असतं, बोटं गारठलेली असतात, तेव्हा शेवटचा खटका एका हाताने सुटलाच पाहिजे. वाघ्याच्या त्या पहाटे हा खटका असता तर चाकू लागला नसता.

आता पेटीचं कौतुक. खालचे तिन्ही कप्पे वेगळे, मध्ये पूर्ण पत्रा, त्यामुळे वाघ्या आणि मोत्या एकमेकांवर गुरगुरत नाहीत. दोन्ही बाजूंना मोठ्या झडपा आहेत आणि वारा आरपार जातो. हे फार महत्त्वाचं, कारण कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं. बंद उभ्या गाडीत, बाहेर 24 अंश सेल्सियस असताना, दहा मिनिटांत 34 आणि अर्ध्या तासात 43 अंशांच्या आसपास तापमान जातं. झडपांची पेटी म्हणजे बंद गाडी नव्हे, तरी उन्हात उभ्या गाडीच्या पेटीत मी कुत्री ठेवत नाही. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं नाकही नीट चालत नाही. वास घेताना ते सेकंदाला पाचएक वेळा हुंगतं. तोंड उघडून श्वास चालू असला की ते हुंगणं मोडतं. म्हणून दमलेली कुत्री वर ठेवून काहीच हाती लागत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी मी वरची खाली आणि खालची वर करते.

दारांना दोन-दोन कड्या आहेत आणि त्या अंगठ्याने बंद होतात. आठ महिन्यांत एकही दार आपोआप उघडलेलं नाही. आतली रबरी चटई उचलून धुता येते. छतावर मात्र कंपनीने नुसता खडबडीत पत्रा ठेवला आहे. दवात तो निसरडा होतो आणि ऊन चढलं की पंज्यांना चटके बसतात. आम्ही त्यावर भोकांची जाड रबरी चटई बोल्टने बसवली.

पेटी हौद्याला नुसत्या रॅचेट पट्ट्यांनी बांधू नका. धक्क्यांनी ते सैल होतात. चार बोल्ट हौद्याच्या तळातून आरपार घ्या, खालून पट्टी लावा, आणि पहिल्या पन्नासएक किलोमीटरनंतर परत आवळा. आमचे दोन बोल्ट तेव्हा पाव-पाव फेरा सैल निघाले होते.

एक्झॉस्टकडेही बघा. चालत्या पिकअपच्या मागे हवा आत ओढली जाते, आणि फाळका उघडा असेल तर धूर सरळ मागच्या झडपेतून कप्प्यात येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो हाऊंडच्या नाकालाही कळत नाही. आम्ही नळीचं तोंड बाजूला वळवून घेतलं आणि फाळका बंद ठेवतो.

वेगाचा नियम दादाचा आहे आणि तो मोडू देत नाही. कुत्री वर असेल तर ताशी 15 किलोमीटरच्या वर नाही, आणि डांबरी रस्ता लागला की कुत्री खाली पेटीत. वेग दुप्पट झाला की धक्क्याचा जोर चौपट होतो. 15 वरून 40 वर गेलात तर तो सात पट होतो. 27 किलोच्या कुत्रीला तो जोर कुठलाही पट्टा इजा न होता पेलू देणार नाही. फांद्या खाली आलेल्या वाटेवरही आम्ही तिला उतरवतो, कारण वर उभं राहिलं की तिचं डोकं टपाच्या बरंच वर असतं आणि डोळे सगळ्यात आधी फांदीला भिडतात.

पट्ट्यांबद्दल मी कंपनीला मोजमापांसकट लिहिलं आहे. कड्या काठांवर आणि पट्टे दोन्हीकडून दिले, मागचा कठडा उंच केला, तर ही पेटी मी कोणालाही डोळे मिटून घ्यायला सांगेन. आज घेणाऱ्याने मात्र वेल्डिंग आणि नव्या कड्यांचं काम धरूनच घ्यावी.

मोत्याला अजून चालत्या गाडीवर वर घेतलेलं नाही. रोज संध्याकाळी उभ्या गाडीवर पाच मिनिटं दोन्ही पट्टे लावून उभा करते आणि चारही बाजूंनी काठाची परीक्षा घेते. काल त्याचा उजवा पंजा अजून बोटभर बाहेर येत होता. आज पट्टा पाच सेंटिमीटरने आखूड केला आहे.